रिकामा हात

१

हे मी फोनवर, एका अंगठ्यानं लिहिते आहे. चुका राहतील, त्या समजून घ्या. दुसरा हात का मोकळा नाही ते ओघात येईलच.

मी शिल्पा, जळगावात हृदयरोगाची डॉक्टर आहे. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो. माझ्या वडिलांचं नाव आधार, आम्ही त्यांना आबा म्हणतो; ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाडी आवाज करते अशी तक्रार घेऊन ड्रायव्हर आला की ते आधी विचारायचे, "कोणता आवाज? कधी? किती वेळानं?" नजर, उतारे, अंगात येणं यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. आई चुकून कधी "पोरीला दृष्ट लागली" म्हणाली तर आबा म्हणायचे, "किती लागली? मोजून दाखव." आणि मी तर बापावर गेलेली.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याचा डॉ. हितेंद्र आणि मी मिळून एक काम हाती घेतलं. म्हाताऱ्या माणसांच्या हृदयाचे ठोके कुठे आणि कसे अडखळतात ते नीट पाहायचं. धरणगाव आणि पाचोऱ्याच्या केंद्रांत ईसीजी काढायचे, पट्ट्या आमच्याकडे यायच्या, दोघांनी एकमेकांना न विचारता वाचायच्या आणि मग जुळवायच्या. ऐकायला सोपं वाटतं, पण सुरुवातीचे आठवडे नुसते भांडणात गेले. ठोका गळला असं कधी म्हणायचं? दोन ठोक्यांतलं अंतर किती वाढलं म्हणजे त्याला खंड म्हणायचं? हितेंद्र नुसता डोळ्यानं बघतो आणि सांगतो, "नॉर्मल शे, सोड." मी शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन बसते. एक टोक एका ठोक्यावर, दुसरं पुढच्यावर, आणि मग तेच अंतर न बदलता सगळ्या पट्टीवर चालवत न्यायचं. हितेंद्र म्हणतो, हिला स्वर्गात पाठवलं तरी ही आधी दाराची रुंदी मोजेल.

पहिली खटकणारी पट्टी धरणगावची होती. मोठ्या ठोक्यांच्या मधल्या सपाट जागेत बारीक उंचवटे होते. "हात हलला असेल" म्हणून हितेंद्रनं ती बाजूला टाकली होती. मी कर्कटक लावलं. ते उंचवटे मोठ्या ठोक्यांशी कुठेच जुळत नव्हते, पण एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. हलणारा हात असा तालात हलत नाही. शोधल्यावर तशा आणखी पट्ट्या निघाल्या आणि प्रत्येकीत उंचवट्यांची चाल निराळी होती. एकाच छातीत दोन हृदयं चालावीत तसं ते दिसत होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

२

मी सरळ धरणगाव गाठलं. केंद्रात ईसीजी काढणारी रूपाली चांगली चटपटीत मुलगी आहे. टेबलावर मगनबाबा नावाचे एक म्हातारे आडवे होते. मनगटांना, घोट्यांना चिमटे लावलेले, छातीवर वायरी. शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको बेबाबाई नवऱ्याचा हात हातात घेऊन बसली होती.

"हात कशाला धरलाय?" मी विचारलं.

"इकडे असंच असतं मॅडम," रूपाली म्हणाली. "जिवंत माणसाला एकटं उताणं झोपवत नाहीत. घरचं कोणीतरी हात धरून बसतंच. मी आता सांगायचंही सोडलंय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बेबाबाईंना हात सोडायला लावला आणि पट्टी काढली. स्वच्छ. पुन्हा धरायला लावला आणि काढली. उंचवटे हजर. बेबाबाईंची दुसऱ्या हाताची नाडी धरून पाहिली तर तोच ताल. बायकोच्या हृदयाची पुसट खूण हातातून हातात जाऊन नवऱ्याच्या कागदावर उमटत होती. असं क्वचित होतं हे मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच हितेंद्रला फोन लावला आणि त्याचं "सोड" त्याला साभार परत केलं.

मग नियम केला. कोणाचाही स्पर्श नसताना काढलेली पट्टीच मोजायची, घरच्यांनी बाहेर थांबायचं. बेबाबाईंना तो पटला नाही.

"बाई, तुम्ही शिकेल शेतस," त्या म्हणाल्या, "पन माणूस असा आडवा पडेल व्हयना का हात रिकामा ठेवू नही. रिकामा हात कोन्हीबी धरी लेस."

"कोणीही म्हणजे कोण, आजी?"

"ते काय नाव सांगीसन येस?"

मला हसू आलं. मी चेष्टेनंच विचारलं, "आणि धरलाच तर?"

"मंग दुसरा हात आपुन धरी ठेवाना. सोडाना नही."

येताना वाटेत रस्त्याकडेच्या बाभळींना जिनिंगच्या गाड्यांतला कापूस लटकलेला होता. मी गाडीत एकटीच गुणगुणत होते.

३

नियमानंतर पट्ट्या धुतल्यासारख्या येऊ लागल्या. काही मात्र तशाच राहिल्या.

मी रूपालीला झापलं. ती रडकुंडीला आली. "मॅडम, सगळ्यांना बाहेर काढून कडी लावते मी. मीसुद्धा मशीनपाशी असते." मग मी मशीनला दोष दिला आणि मशीन बदललं. फरक पडला नाही. पाचोऱ्याहूनही तशाच दोन-चार आल्या, आणि तिथलं मशीन तर वेगळं होतं.

एक गोष्ट लक्षात यायला मला उशीर लागला. आधीच्या पट्ट्यांतले उंचवटे वेगवेगळे होते, कारण हात धरणारी माणसं वेगवेगळी होती. आता जे येत होते ते सगळे सारखे होते. तीन उंचवटे, मग एकाची जागा रिकामी. पुन्हा तीन, पुन्हा रिकामी. धरणगावातही तेच, पाचोऱ्यातही तेच. मगनबाबांच्या नव्या पट्टीतही.

"विजेच्या लायनीचं असेल," हितेंद्र म्हणाला.

"लाइन दर चौथ्याला सुट्टी घेते का?"

तो म्हणाला, "व्याख्येत बसत नाही ना? मग वगळ."

मी वगळल्या. रूपालीनं त्या आठवड्यात फोनवर एक विचित्र गोष्ट सांगितली. ज्या माणसांच्या पट्ट्या मी वगळते त्यांची एक मूठ मिटलेली असते. पूर्ण मिटलेली नाही, आत काही असावं अशी. बोटं सैल सोडा म्हटलं तरी सुटत नाहीत. थंडीनं आखडली असतील, असं मी म्हणाले. तेव्हा एप्रिल चालू होता, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं.

४

त्याच सुमारास आबा दारापुढच्या ओट्यावर चक्कर येऊन पडले. आई, पार्वता, जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आबा एकटेच स्वयंपाक करायचे, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी स्वतः थापायचे, आणि मी गेले की "तुझ्यापेक्षा बरी होते" म्हणून चिडवायचे.

मी त्यांना माझ्याच खोलीत टेबलावर घेतलं. चिमटे मीच लावले. दुपारची वेळ होती, पंखा बंद केला होता. आबांनी डावा हात माझ्याकडे पुढे केला, म्हातारी माणसं करतात तसा, सहज.

"आबा, हात खाली ठेवा," मी म्हणाले. "मला पट्टी स्वच्छ हवी."

त्यांनी हात खाली ठेवला. मी दोन पावलं मागे सरले आणि बटण दाबलं.

कागद सरकू लागला. आबांचे ठोके संथ होते, आणि मधेच एक खंड आला, चांगला लांब. निदान झालं होतं, पेसमेकर लागणार होता. मी वर पाहिलं. टेबलाच्या कडेवरून आबांचा डावा हात थोडा बाहेर आला होता. तळवा वर होता आणि बोटं हळूहळू मिटत होती, एकेक करून.

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. पट्टीच्या पहिल्या अर्ध्या भागात ठोक्यांमधली जागा सपाट होती. दुसऱ्या अर्ध्या भागात तिथे उंचवटे होते. तीन, आणि एकाची जागा रिकामी.

खोलीत आम्ही दोघंच होतो.

पेसमेकर धुळ्याला हितेंद्रनं बसवला. मी पारोळ्यावरून आबांना घेऊन परत आले तेव्हा ते मेकॅनिकच्या उत्साहात मला समजावत होते, "म्हणजे हे मशीन कान लावून बसतं. माझा ठोका ऐकू आला तर गप्प. नाही आला तर आपला एक देतं. बरोबर?" अगदी बरोबर होतं. तरी आठवड्याभरात त्यांना पुन्हा चक्कर आली.

हितेंद्रनं मशीन तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "शिल्पा, मशीन ठणठणीत आहे. पण जिथे ठोका द्यायला हवा होता तिथे दिलाच नाही. त्याला वाटतंय ठोका पडतोय. ते दुसऱ्याच कशाचं तरी ऐकतंय."

"तार हृदयाच्या आत आहे, हितेंद्र. बाहेरचं तिथे कसं पोचेल?"

"पोचायला नको," तो म्हणाला. त्यानं मशीनचे कान थोडे कमी केले. पूर्ण बहिरंही करता येतं, पण मग ते आंधळेपणानं ठोके देत राहतं आणि त्यात धोका असतो, म्हणून आधी एवढ्यानं बघू असं ठरलं.

घरी आल्यावर मी आबांना औषध द्यायला गेले. ते पलंगावर डाव्या कुशीला थोडे कललेले होते. डावीकडे प्लास्टिकची खुर्ची ओढून ठेवली होती.

"ही इथे कशाला?"

आबा ओशाळले. त्यांना ओशाळलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. "तू हसशील," ते म्हणाले. "मला कळतं बेटा, हे मनाचे खेळ असतात. पण त्या दिवशीपासून, तुझ्या टेबलावर झोपलो तेव्हापासून... पार्वता हात धरते माझा. बोलत नाही. नुसती धरून बसते." मग घाईनं म्हणाले, "कोणाला सांगू नको. डेपोतले ऐकतील तर काय म्हणतील?"

मी हसले नाही. मी मोरीत जाऊन रडले. कारण आईचे ठोके गळायचे. शेवटच्या वर्षात तिची नाडी आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा धरली होती की बोटांना पाठ झाली होती. तीन ठोके, आणि मग एक नाही.

५

दोन दिवस मी सुखात होते, हे लिहायला लाज वाटत नाही. पुरावा मागणारी मी, पण पुरावा असा समोर आल्यावर काय करणार? आबा निवांत दिसत होते. मी जाता-येता त्या खुर्चीकडे बघायचे आणि मनातल्या मनात आईला विचारायचे, जेवलीस का.

पण चक्कर थांबली नव्हती. ती त्यांचा हात धरते आणि मशीन तिचं ऐकून गप्प बसतं. आई आबांच्या जिवावर उठेल हे मला पटेना. जिनं चाळीस वर्षं त्यांना डब्यात गरम भाकरी दिली, ती? आणि सवय मरत नाही म्हणतात तेच खरं, मोजल्याशिवाय मला राहवेना. मी कपाटातून आईची जुनी पट्टी काढली, आबांची शेजारी ठेवली आणि कर्कटक उघडलं.

आईचे तीन ठोके एकसारखे नव्हते. दुसरा पहिल्याच्या थोडा जवळ, तिसरा त्याहून जवळ, घाई झाल्यासारखे, आणि मग चौथा गळायचा. हे दुखणंच तसं असतं, आणि आईही तशीच होती, घाईगडबडीची.

आबांच्या पट्टीतले उंचवटे मोजले. पहिल्या-दुसऱ्यात जेवढं अंतर, तेवढंच दुसऱ्या-तिसऱ्यात. रिकामी जागाही तंतोतंत तेवढीच. मी कर्कटक तसंच धरून पट्टीच्या शेवटापर्यंत चालवलं, केसाइतकाही फरक नाही. मग मी धरणगावच्या वगळलेल्या पट्ट्या काढल्या आणि कर्कटकाची टोकं न हलवता त्यांच्यावर ठेवली. बसली. पाचोऱ्याच्या पट्टीवर ठेवली. बसली.

माणूस श्वास घेतो तसे त्याचे ठोके थोडे मागे-पुढे होतात. आत घेताना किंचित घाई, सोडताना किंचित आळस. लहान पोराचं हृदय असो की नव्वदीतल्या म्हाताऱ्याचं, हे होतंच. इतकं सारखं, इतकं अचूक हृदय, मधे एक घर सोडूनसुद्धा न चुकणारं, श्वास घेणाऱ्या माणसाचं नसतं.

ही आई नव्हती.

मी रूपालीला फोन लावला. "आजपासून सगळ्यांना आत बसू दे. हात धरायला सांग. कोणाचा हात रिकामा ठेवायचा नाही. माझा नियम रद्द."

रूपाली म्हणाली, "मगनबाबा गेले मॅडम, परवा. बेबाबाई सांगत होत्या, शेवटी मूठ उघडता उघडेना."

६

आज सकाळी मी ईसीजीचं फिरतं मशीन घेऊन आबांकडे आले. कडक ऊन आहे, खिडक्या सताड उघड्या आहेत, समोरच्या घरी कुरडया वाळत घातल्या आहेत आणि कावळे हाकलायला बाई ओरडते आहे. भ्यायला कुठेही जागा नाही असा दिवस. मी चिमटे लावले, कागद चालू केला. तीन, आणि रिकामं.

मी ती खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. परत आले तर आबांचा डावा हात पलंगाबाहेर तसाच अधांतरी होता. खाली पडला नव्हता. पंचाहत्तरीतल्या माणसाचा हात असा ताणून धरला तर क्षणात थरथरायला लागतो. हा थरथरत नव्हता, दमत नव्हता.

"आबा," मी म्हणाले, "हात सोडा."

"का गं?"

"मी मोजलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं मला मोजायला शिकवलं त्याला आणखी काय सांगायचं? त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली, आधी संकोच, मग ते इतक्या दिवसांचं समाधान. त्यांचे ओठ हलले. बहुधा आईचं नाव घेतलं.

मग त्यांनी बोटं उघडली. एकेक करून, पूर्ण. तळवा रिकामा होता. हाताच्या पाठीवर मात्र कातडी चार ठिकाणी खोल दबलेली आणि पांढरी पडलेली होती, आणि मी बघत होते तरी तिथे रक्त परत येत नव्हतं.

कागदावर तीन उंचवटे पडले. एक जागा रिकामी. पुन्हा तीन.

"मी सोडला, बेटा," आबा अगदी हळू म्हणाले. "तिकडून सुटत नाही."

मी पलंगाला वळसा घातला आणि त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला. आता दोन तास होत आले असतील. हितेंद्रला फोन केला, तो धुळ्याहून मशीन बहिरं करायचं सामान घेऊन निघाला आहे, पारोळा सोडल्याचा त्याचा निरोप आला. मशीन बहिरं होईल, ठोके देत राहील. हाताचं काय करायचं ते त्याला माहीत नाही आणि मलाही नाही. कागदावर आता माझेही ठोके उमटत असतील. मी पाहिलेलं नाही, कर्कटक टेबलावर मिटून ठेवलं आहे.

आबांना झोप लागली आहे. चेहरा शांत आहे. बाहेर बाईनं कुरडया उलटवून टाकल्या, आता ती दिसत नाही. हे लिहिताना मी एकदाही हात बदललेला नाही. मधेच आबांचा डावा खांदा किंचित पलीकडे सरकतो, चादरीला घडी पडते. मग मी त्यांना थोडं माझ्याकडे ओढून घेते.